पडलेला दात घासून, पुसून नेला. चुकलं का माझं?

'नमस्कार डॉक्टर. दहा दिवसांपूर्वी माझी तेरा वर्षांची मुलगी सायकलवरून तोंडावर पडली. वरचा समोरचा एक दात मुळासकट बाहेर आला. मीच तो रस्त्यावरून उचलला. मातीने, रक्ताने भरला होता, म्हणून घरी आणून साबण लावला, जुन्या ब्रशने स्वच्छ घासला आणि कोरडा पुसून रुमालात गुंडाळून ठेवला. सासरे म्हणाले, पडलेला दात कधी परत बसतो का, आधी ओठ बघा. ओठाला टाके घातले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी दात कुठे आहे विचारलं, तेव्हा आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे धावलो. तोवर दीड तास झाला होता. त्यांनी दात परत बसवला, शेजारच्या दातांना धरून बारीक तार लावली. पण म्हणाले, "उशीर झाला, आणि घासायला नको होता." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मिस्टर काही बोलत नाहीत, पण त्यांचं न बोलणंही मला कळतं. दात आता दुखत नाही, हलत नाही. चौदाव्या दिवशी बोलावलं आहे, नेमकी त्याच आठवड्यात तिची परीक्षा आहे. पुढे ढकललं तर चालेल ना? हा दात किती टिकेल? तिचे वरचे दात थोडे पुढे आहेत, त्यांना तारा लावायचं ठरलं होतं, त्याचं आता काय? धाकटा आठ वर्षांचा आहे, त्याला असं काही झालं तर मी काय करू? आणि मुलगी सारखी विचारते, हा दात अजून माझाच आहे ना? तिला काय सांगू?'
– एक आई

ताई,

परीक्षेचा प्रश्न थांबण्यासारखा नव्हता, म्हणून त्याचं उत्तर तुमचं पत्र आलं त्याच दिवशी कळवलं होतं. इथे पुन्हा लिहिते, कारण तुमच्यासारख्याच अडचणीतले इतरही कोणी हे वाचत असतील. चौदाव्या दिवसाची भेट पुढे ढकलू नका. पेपर असेल तर संध्याकाळची वेळ मागा, नाहीतर एक-दोन दिवस अलीकडची मागा. पलीकडची नको.

दात दुखत नाही म्हणून तो बरा होतोय, असं या दाताच्या बाबतीत धरून चालता येत नाही. तो मुळासकट बाहेर आला तेव्हा मुळाच्या टोकातून आत जाणारी नस आणि रक्तवाहिन्या तुटल्या. तेराव्या वर्षी समोरच्या दाताचं मूळ पूर्ण तयार झालेलं असतं, त्याचं टोक जवळजवळ बंद असतं, आणि तेवढ्याशा छिद्रातून रक्तपुरवठा पुन्हा जोडला जात नाही. आतला गर मरतो. मेलेल्या गरात जंतू वाढतात, त्यांचं विष मुळाच्या भिंतीतून बाहेर झिरपतं आणि त्याला तोंड देताना शरीर तिथे सूज आणतं, त्या सुजेत मूळच विरघळायला लागतं. मुलांमध्ये हे फार वेगाने होतं. काही महिन्यांत मुळाचा मोठा भाग गेलेला असतो आणि मुलाला एकदाही कळ आलेली नसते. दुखायला आत नसच उरलेली नाही. हे टाळण्यासाठी दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनॉल सुरू करायचं असतं. तार साधारण त्याच सुमारास काढतात. दात शेजाऱ्यांना बांधलेला असताना त्यावर काम करणं सोपं जातं, म्हणून या दोन गोष्टी पाठोपाठ येतात. जबड्याच्या हाडालाही तडा गेला असेल तर तार चार आठवडे ठेवतात, ते तुमचे डॉक्टर एक्स-रे बघून ठरवतील.

आता तुमच्या मनात रुतून बसलेल्या वाक्याकडे येते.

इतक्या वर्षांत माझ्याकडे निखळलेले दात कागदात, पाकिटात, मुठीत, रिकाम्या डबीत आले आहेत. त्यातले सगळ्यात लख्ख घासलेले दात नेहमी सगळ्यात जास्त जीव टाकणाऱ्या माणसाने आणलेले असतात. मातीत पडलेली लेकराची वस्तू आई धुणारच, पुसणारच. जखम स्वच्छ ठेवा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. पण दात हा या शिकवणीला अपवाद आहे, हे कोणीच कधी सांगत नाही. ते शाळेत शिकवत नाहीत, आम्ही डेंटिस्टही दवाखान्यात आलेल्या माणसाला त्याच्या किडलेल्या दाढेबद्दल सांगतो आणि घरी पाठवतो. ही आमची कसूर आहे आणि तिचं ओझं तुम्ही उचलत बसला आहात. तुमच्या मिस्टरांनाही हे वाचायला द्या. त्या दिवशी दात त्यांच्या हातात असता तर त्यांनीही तो घासलाच असता.

तरीही काय बिघडलं ते स्पष्ट सांगते. ते समजलं तर पुढचं सगळं समजेल.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो, सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा. दात त्या तंतूंवर झोळीसारखा टांगलेला असतो. म्हणूनच आपण चावतो तेव्हा दात किंचित दबतो आणि सुटतो, आणि घासात बारीकसा खडा आला तरी लगेच जाणवतो. दात निखळतो तेव्हा हा पडदा मधोमध फाटतो. अर्धा खोबणीत राहतो, अर्धा मुळाला चिकटून बाहेर येतो. मुळाला चिकटलेल्या त्या अर्ध्या पडद्यातल्या पेशी जिवंत असतात. दात लवकर परत बसवला तर दोन्ही अर्धे पुन्हा एकमेकांना जुळतात आणि दात पूर्वीसारखा टांगला जातो. पण या पेशींना कोरडेपणा सहन होत नाही. उघड्या हवेत साधारण तासाभरात त्या मेल्या असंच आम्ही धरतो. साबणाने मरतात, ब्रशने खरवडून निघतात. साध्या पाण्यात ठेवल्या तर पाणी आत शिरून फुगतात आणि फुटतात.

कोपनहेगनच्या आंद्रेआसन आणि यॉर्टिंग-हॅन्सन यांनी १९६६ मध्ये, अपघातात निखळून परत बसवलेल्या ११० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत परत बसवलेल्या दातांपैकी सुमारे ९० टक्के दातांची मुळं दोन वर्षांनंतरही शाबूत दिसत होती. उशीर वाढत गेला तसे मूळ विरघळलेले दात वाढत गेले. आज आम्ही अर्ध्या तासाचीही वाट बघू नका असं सांगतो; पंधरा मिनिटांच्या आत, शक्य असेल तर जागेवरच. आणि इथेच अडचण येते. पंधरा मिनिटांत कोणीही डेंटिस्टकडे पोहोचत नाही. म्हणजे दात वाचवण्याची खरी वेळ आमच्या हातात नसते, ती त्या क्षणी शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असते. मग ती आई असेल, शिक्षक असेल, वर्गातली मैत्रीण असेल किंवा रस्त्यावरून जाणारं कोणीही असेल.

म्हणून आता जे लिहिते ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

सगळ्यात आधी दाताकडे नाही, माणसाकडे बघायचं. पडल्यावर शुद्ध हरपली होती का, उलटी होतेय का, बोलणं असंबद्ध आहे का, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखं काही येतंय का, जबडा वाकडा दिसतोय का? यातलं काहीही असेल तर थेट हॉस्पिटल गाठायचं. दात दुधात टाकून सोबत न्यायचा, तोंडात बसवायचा प्रयत्न करायचा नाही. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडातला सैल दात श्वासनलिकेत जाऊ शकतो.

माणूस शुद्धीवर आहे, नीट बोलतोय, घाबरलाय पण ठीक आहे, तर मग लगेच दात शोधायचा. उचलताना नेहमी दिसणाऱ्या पांढऱ्या, चकचकीत भागाला धरायचं. पिवळसर, निमुळत्या मुळाला बोट लावायचं नाही. दात स्वच्छ असेल तर धुवायचाही नाही. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाईनमध्ये हलकेच बुडवून काढायचा. दोन्ही नसेल तर नळाच्या थंड पाण्याच्या बारीक धारेखाली काही क्षण, दहा सेकंदांपेक्षा कमीच, धरायचा. चोळायचा नाही, खरवडायचा नाही, मुळाला चिकटलेला मांसाचा धागा दिसला तरी ओढून काढायचा नाही. तो धागा म्हणजेच मघाशी सांगितलेला पडदा आहे. साबण नको, जंतुनाशक नको, टिश्यूने पुसणं नको.

आणि मग तो परत खोबणीत बसवायचा. हो, तिथेच, स्वतःच्या हाताने. तोंडात रक्त असेल तर चूळ भरायला सांगायची. दाताची फुगीर, गुळगुळीत बाजू ओठाकडे आणि खोलगट बाजू जिभेकडे असते. गोंधळ झाला तर शेजारच्या दाताकडे बघायचं. मुळाचं टोक खोबणीत ठेवून बोटाने सावकाश, एकसारखा दाब द्यायचा. दात बहुतेक वेळा आपली वाट ओळखल्यासारखा आत सरकतो. शेजारच्या दातांच्या रेषेत आला की स्वच्छ रुमालाची घडी दातांमध्ये धरून हलकेच चावून धरायला सांगायचं आणि तसंच डेंटिस्टकडे न्यायचं. फार अडकला तर जोर करायचा नाही. थोडा तिरका बसला तरी हरकत नाही, तो आम्ही सरळ करतो.

मला कल्पना आहे, हे वाचतानाही अंगावर काटा येतो. स्वतःच्या लेकराच्या रक्ताळलेल्या हिरडीत बोट घालायचं म्हणजे काय, ते मी समजू शकते. पण जखम अगदी ताजी असते तेव्हा बोटाच्या दाबाने जितकं दुखेल असं आपल्याला वाटतं तितकं सहसा दुखत नाही. जसा वेळ जातो तशी सूज येते, खोबणीत रक्ताची गाठ धरते, आणि मग भूल दिल्याशिवाय हात लावू देत नाहीत. पहिल्या काही मिनिटांत हात थरथरत असला तरी काम सोपं असतं.

तरीही नाहीच जमलं, मूल हात लावू देत नाही, तुमचं धाडस होत नाही, तर स्वतःला दोष न देता दात लगेच ओलसर ठेवा. दूध जवळजवळ सगळीकडे मिळतं, म्हणून आम्ही त्याचं नाव आधी घेतो. साधं, थंड, साखर न घातलेलं. मलईचं की बिनमलईचं, गायीचं की पाकिटातलं, याचा विचार करत बसू नका. दुधात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण आपल्या शरीरातल्या द्रवाच्या बरंच जवळचं असतं, त्यामुळे पेशी फुगतही नाहीत, सुकतही नाहीत. दही मात्र चालत नाही, ते आंबट असतं. ओआरएसचं पाणी जवळ असेल तर तेही उत्तम. काहीच नसेल तर जखमी व्यक्तीला एखाद्या छोट्या डबीत किंवा पेल्यात थुंकायला सांगा आणि त्या लाळेत दात ठेवा. स्वयंपाकघरात अन्न झाकायला पातळ प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद वापरतात, त्यात दात थोड्या लाळेसकट घट्ट गुंडाळला तरी तो सुकत नाही. पाण्यात ठेवणं हा शेवटचा पर्याय, पण कोरड्या रुमालापेक्षा तोही बरा. लहान मुलाला दात गालात धरायला सांगू नका, तो गिळेल.

दात सापडलाच नाही तरी डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा. कधी तो ओठाच्या जखमेत रुतलेला असतो, कधी वर हाडात घुसलेला असतो आणि पडला असं वाटतं, कधी गिळला जातो, आणि क्वचित फुप्फुसात जातो. 'सापडला नाही' एवढ्यावर सोडून देऊ नका, एक्स-रे काढून घ्या. दात मुळासकट न येता मधूनच तुटला असेल तर तुकडा तसाच ओला करून आणा, तो बऱ्याचदा परत चिकटवता येतो.

आणखी काही अपवाद आहेत. हृदयाच्या झडपेचा गंभीर आजार असलेली, कॅन्सरचे उपचार चालू असलेली किंवा रोगप्रतिकारशक्ती फार कमी झालेली व्यक्ती असेल तर दात बसवायचा की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. तोवर तो दुधात ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते आठवून ठेवा, दात मातीत पडला असेल तर ते विचारलंच जातं. अँटिबायोटिक लागतं, पण घरात उरलेल्या गोळ्या सुरू करू नका. वय आणि वजन बघूनच ते देतात.

आता तुमचा धाकटा. आठ वर्षांच्या तोंडात दुधाचे आणि कायमचे दात एकत्र नांदत असतात, आणि दोघांचे नियम अगदी उलट आहेत. दुधाचा दात पडला तर तो कधीही परत बसवायचा नाही. त्याच्या वर हाडात कायमच्या दाताचा कोंब तयार होत असतो, आणि आत ढकललेल्या मुळाने त्याला इजा होऊ शकते. ओळखायचं कसं? वरचे मधले दोन दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात, त्यांच्या शेजारचे आठव्या-नवव्या वर्षी. नवे दात दुधाच्या दातांपेक्षा चांगलेच मोठे, थोडे पिवळसर असतात आणि त्यांची कड करवतीसारखी बारीक दातेरी असते. आजच त्याला उजेडात बसवून तोंड उघडायला लावा आणि कोणते आले आहेत ते बघून ठेवा. अपघाताच्या क्षणी हे ओळखत बसणं जमत नाही. खात्री नसेल तर बसवू नका. दुधात टाका आणि निघा.

आठ वर्षांच्या मुलाबाबतीत एक जमेची बाजूही आहे. त्याच्या नव्या दाताचं मूळ अजून वाढतंय, टोक नळीसारखं उघडं आहे. लवकर परत बसवलेल्या अशा दातात रक्तवाहिन्या पुन्हा आत शिरू शकतात आणि नस जिवंत राहू शकते. म्हणून त्याचं रूट कॅनॉल लगेच करत नाहीत, नुसतं बारकाईने लक्ष ठेवतात. तुमच्या मुलीचा नियम त्याला लावायचा नाही.

मुलीच्या दाताकडे परत येते. 'किती टिकेल' याचं वर्षांत उत्तर मी देणार नाही, कोणी दिलं तर विश्वास ठेवू नका. काय होण्याची शक्यता आहे ते मात्र सांगता येतं. दीड तास कोरडा राहिल्यामुळे मुळावरचा पडदा मेला आहे. अशा दाताभोवती नवा पडदा तयार होत नाही, हाड थेट मुळाला येऊन चिकटतं. दात हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आत्ता तो तारेमुळे घट्ट आहे, पण पुढे तो खरोखरच नेहमीच्या दातापेक्षाही घट्ट होईल, आणि डॉक्टर त्यावर टकटक करतील तेव्हा शेजारच्यापेक्षा वेगळा, धातूसारखा आवाज येईल. हाड सतत जुनं मोडून नवं घडवत असतं. मुळाला चिकटल्यावर ते मुळालाही हाडच समजतं, थोडं थोडं मूळ काढतं आणि तिथे हाड भरतं. हे हळू चालतं, मोठ्या माणसांत फारच हळू, वाढत्या मुलांत जरा भरभर. सुरुवातीला सांगितलेलं जंतूंमुळे होणारं विरघळणं वेगळं. ते रूट कॅनॉलने थांबतं. हे थांबवता येत नाही, पण ते वेदनेशिवाय, वर्षानुवर्षं चालत राहतं आणि तोवर दात तोंडात, कामात आणि हसण्यात असतो.

मग तुमच्या डॉक्टरांनी उशीर होऊनही दात का बसवला? अगदी बरोबर केलं त्यांनी. तेराव्या वर्षी जागा रिकामी राहिली असती तर तिथलं हाड खचून बारीक झालं असतं, शेजारचे दात त्या जागेत झुकले असते. इम्प्लांट जबड्याची वाढ पूर्ण झाल्याशिवाय बसवत नाहीत, म्हणजे अजून कितीतरी वर्षं तिला काढता-घालता दात वापरावा लागला असता. हा दात बसवून त्यांनी तिची जागा, तिचं हाड आणि तिचा वेळ राखून ठेवला. 'उशीर झाला' हे ते तुम्हाला म्हणाले, पण हे सांगायचं राहून गेलं असावं.

वाढत्या वयात एक गोष्ट दिसू शकते. शेजारचे दात हाडासोबत हळूहळू खाली येत राहतात, हाडाला चिकटलेला दात मात्र होता तिथेच राहतो आणि आखूड दिसायला लागतो. सहा महिन्यांनी, वर्षाने, एकाच कोनातून तिच्या हसऱ्या चेहऱ्याचा फोटो काढत राहा. एक-दोन मिलिमीटरचा फरक आरशात कळत नाही, फोटोत कळतो. फरक वाढायला लागला तर डॉक्टर दाताचा वरचा भाग काढून मूळ तसंच हाडात ठेवतात. त्या मुळाचं हाड होतं, जबड्याची रुंदी टिकते, आणि जागेवर शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला दात देता येतो. हे आज ठरवायचं नाही, पण असा मार्ग आहे हे माहीत असू द्या.

दातांच्या तारांबद्दल. हाडाला चिकटलेला दात तारांनी सरकत नाही. उलट तो खांबासारखा उभा राहतो आणि ओढ शेजाऱ्यांवर येते. म्हणून तारा लावणाऱ्या डॉक्टरांना या अपघाताची तारीख, दात किती वेळ बाहेर होता आणि सगळे एक्स-रे दाखवल्याशिवाय काहीही सुरू करू देऊ नका. तारा लावणं रद्दच होईल असं नाही. थोडे महिने थांबून, या दाताचा कल बघून, ते आखणी बदलतील. वरचे दात पुढे असतील तर पडल्यावर मार आधी त्यांनाच लागतो, त्यामुळे बाकीच्या दातांसाठी तो उपचार पुढे-मागे व्हायलाच हवा. खेळताना मापाने बनवलेला माउथगार्ड दोघाही मुलांना घ्या, धाकट्याचा दर थोड्या काळाने बदलावा लागेल कारण त्याचे दात अजून येत आहेत.

आत्ताच्या दिवसांत काय: पहिले दोन आठवडे मऊ खाणं, समोरच्या दातांनी तोडून काही खायचं नाही, धक्काबुक्कीचे खेळ नाहीत. प्रत्येक खाण्यानंतर मऊ ब्रशने दात घासायचे, तार आहे म्हणून तो भाग सोडायचा नाही. तिथे घाण साचली तर सगळी मेहनत वाया जाते. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश सकाळ-संध्याकाळ. जिभेने किंवा बोटाने दात हलवून बघायची सवय मुलांना लागते, ती मोडा. हिरडीला सूज, फोड, पू, दातावर दाबल्यास दुखणं, रंग करडा होणं यातलं काही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. नाहीतर दोन आठवडे, महिना, तीन महिने, सहा महिने, वर्ष, आणि मग दर वर्षी एकदा, निदान पाच वर्षं, असा एक्स-रे आणि तपासणीचा क्रम असतो. भिंतीवर लिहून ठेवा. तिसऱ्या महिन्यापर्यंत सगळं ठीक दिसतं आणि मग लोक येणं बंद करतात, तिथेच बरेच दात हातचे जातात.

आणि मुलीचा प्रश्न. मला तुमच्या पत्रातला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला. तिला सांगा, हो, तो तुझाच आहे. खोटा दात नाही बसवलेला, तुझाच दात तुझ्या जागेवर परत ठेवलाय. त्याला आता आतून जाणीव नसेल, गार-गरम कळणार नाही, पण चावण्याचं, बोलण्याचं, हसण्याचं काम तोच करणार आहे. पुढे कधी तो गेला, तर जाण्याआधी त्याच्या मुळाच्या जागी तुझंच हाड भरलेलं असेल, आणि नवा दात त्या हाडावर उभा राहील. तेरा वर्षांची मुलगी हे समजू शकते. तिच्यापासून लपवू नका, आणि तिच्या देखत 'मी घासला म्हणून' हे वाक्य पुन्हा उच्चारू नका. नाहीतर दर वेळी आरशात बघताना तिला दात नाही, तुमचा अपराध दिसेल.

सायकल तिने परत चालवावी, असं मला वाटतं. तार निघाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, हेल्मेट घालून. सासऱ्यांना सांगा, पडलेला दात परत बसतो. त्यांच्या नातीच्या तोंडातच बसलेला आहे, त्यांनी येऊन बघावा. तिच्या शाळेत जाऊन वर्गशिक्षकांशी आणि खेळाच्या सरांशी बोला, प्रथमोपचाराच्या पेटीत झाकणाची एक छोटी डबी आणि ओआरएसची पाकिटं ठेवायला सांगा, आणि दात कुठे धरायचा ते एकदा स्वतः दाखवा. तीन महिन्यांनंतरच्या एक्स-रेची प्रत मागून घ्या. तो कसा दिसतोय ते मला लिहून कळवाल?